तूर, सलमान

(१९८३ – ). पाकिस्तानी-अमेरिकन चित्रकार. जन्म लाहोर येथे. ओहायो वेस्लियन विद्यापीठातून पदवी (२००६) आणि न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून पदव्युत्तर पदवी (२००९). वास्तव्य न्यूयॉर्क. दक्षिण आशियाई वंशाच्या समलिंगी व क्विअर (लिंगभाव व लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) तरुणांचे परदेशातील जगणे हा त्यांच्या तैलचित्रांचा मुख्य विषय.

सुरुवातीच्या काळात तूर यांनी जुन्या यूरोपीय चित्रकारांची शैली कसून आत्मसात केली. पुढे त्याच परंपरेत त्यांनी आपल्या माणसांना जागा करून दिली. ‘द बार ऑन ईस्ट थर्टीन्थ’ (२०१९) या चित्राची मांडणी एद्वार मानेच्या १८८२ मधील प्रसिद्ध मद्यगृहचित्राची आठवण करून देते : समोर बाटल्यांनी भरलेला कट्टा, मागे आरसा आणि आरशात गिऱ्हाइकांची गर्दी. मात्र मानेच्या सेविकेच्या जागी येथे स्त्री की पुरुष अशा ठरीव चौकटीत न बसणारी एक तरुण व्यक्ती उभी आहे. ‘फोर फ्रेंड्स’ (२०१९) मध्ये छोट्याशा घरात दोन मित्र नाचत आहेत, दोघे कोचावर विसावले आहेत. सगळी खोली गर्द हिरव्या रंगात न्हालेली आहे. हा हिरवा रंग तूर यांची ओळखच ठरला असून त्यात रात्रीची धुंदी आहे, तशी विषारी छटाही आहे.

घरातली ही मोकळीक दाराबाहेर टिकत नाही, याचे भान त्यांची चित्रे कधीच सोडत नाहीत. ‘मॅन विथ फेस क्रीम्स अँड फोन प्लग’ (२०१९) मधील तरुणापुढे त्याच्या खासगी वस्तू मांडलेल्या आहेत. विमानतळावरील झडतीत गोऱ्या नसलेल्या प्रवाशाकडे ज्या संशयाने पाहिले जाते, त्याची बोच या चित्रात आहे. मायदेशही सुरक्षित नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे वसाहतकालीन कलम ३७७ पाकिस्तानात आजही कायम आहे.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील ‘हाउ विल आय नो’ (२०२०-२१) हे त्यांचे संग्रहालयातील पहिले एकल प्रदर्शन. २०२२ मध्ये बाल्टिमोर कलासंग्रहालयात ‘नो ऑर्डिनरी लव्ह’ हे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास फ्रिक संग्रहाने त्यांचे ‘म्यूझियम बॉइज’ (२०२१) हे चित्र डच चित्रकार फर्मीरच्या कलाकृतींच्या सान्निध्यात मांडले. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीतही त्यांचा सहभाग होता.

तूर यांच्या आधी मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांनी समलिंगी पुरुषांचे प्रेम भारतीय चित्रकलेत निर्भयपणे आणले. तूर यांनी त्याच विषयाला स्थलांतराच्या अनुभवाची जोड दिली. त्यांच्या चित्रांतील माणसे केवळ अन्यायाचे बळी म्हणून येत नाहीत. ती नटतात, नाचतात, प्रेम करतात. या आनंदाला अभिजात चित्रकलेची प्रतिष्ठा मिळवून देणे हे तूर यांचे मोठे कार्य होय.