वाटेवर सांडणारे पीक



आज मी तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. ही चोरी रानात होते, गाडीत होते, बाजारातही होते. पण चोर मात्र कुणालाच दिसत नाही. लुधियाना येथे काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे. देशभर पाहणी करून तिने २०१५ साली एक हिशोब मांडला. काढणीपासून किरकोळ दुकानापर्यंत जाता जाता शंभर किलो पेरूंतले जवळजवळ १६ किलो वाया जातात, असे त्यात दिसले. टोमॅटोचे १२ किलोंच्या वर, आंब्याचे ९ आणि कांद्याचे ८ किलोंच्या वर. आता त्या १६ किलो पेरूंना पाणी पाजले होते की नाही? खत घातले होते, राखण केली होती, तोडणीची मजुरीही दिली होती. म्हणजे नुसता पेरू गेला नाही, त्याच्यामागचा सगळा खर्च गेला.

हे घडते कसे? फळ झाडावरून तोडले तरी ते जिवंतच असते. ते श्वास घेते, आणि श्वासाबरोबर आपल्यातली साखर नि पाणी खर्चत राहते. साधारण दहा अंश उष्णता वाढली की हा श्वास दुप्पट-तिप्पट वेगाने चालू लागतो. त्यात फळाला मार लागला, साल फाटली, की कुजवणाऱ्या बुरशीला दार उघडलेच म्हणून समजा. तेव्हा ऊन, मार आणि उशीर हे ते तीन चोर. आपल्या महाराष्ट्राने त्यांच्याशी कसकसा सामना दिला, ते आता पाहू.

रेल्वेपूर्वीच्या काळी भाजीचा बाजार बैलगाडीच्या एका रात्रीच्या मजलेइतकाच लांब असे. म्हणून माळव्याचे मळे शहराच्या कडेलाच असत. जे लांब नेता येत नसे, ते घरातच टिकवीत. कोकणात आंब्याची पोळी होई, कोकमाची आमसुले होत. देशावर भाज्या वाळवून ठेवीत. आपल्या आजीपणजींना विज्ञानाचे शब्द ठाऊक नव्हते, पण पाणी काढून घेतले की नासणे थांबते, हे त्यांना पक्के कळत होते.

पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८६३ साली ती बोरघाट चढली आणि १८६५ साली थळघाट. पुणे आणि नाशिककडचा माल मुंबईच्या जवळ आला. १८६९ साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. त्यालाच आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. अंतर तुटले खरे, पण एक नवी गोष्ट झाली. पूर्वी पाटी शेतकऱ्याच्या डोक्यावरून थेट गिऱ्हाइकापुढे उतरत असे. आता ती गाडीत चढे, स्टेशनात उतरे, डब्यात चढे, पुन्हा उतरे. प्रत्येक चढ-उताराला एक आदळआपट, आणि प्रत्येक हाताला एक वाटा! ज्यांचे नाव पुढे त्या मंडईला मिळाले, त्या फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गाडीभर माळवे शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याला जकातीचा केवढा भुर्दंड बसतो, याचा हिशोब त्यांनी त्यात मांडला आहे. माल नासो की नाडला जावो, तोटा पोचतो तो शेवटी शेतकऱ्याच्याच दारात.

विसाव्या शतकात विज्ञान मदतीला आले. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. जी. एस. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळे-भाज्या थंडीत साठवण्याचे प्रयोग केले. अशा प्रयोगांतून एक मोठा धडा मिळाला. सगळ्या फळांना एकच थंडी मानवत नाही. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास सुखाने राहते. पण केळे तेरा अंशांखाली ठेवले की त्याची साल काळवंडते. म्हणून 'शीतगृह आहे ना, टाका सगळे आत' असे म्हणून चालत नाही.

पण सगळेच उपाय काही खर्चाचे नसतात, बरं का! दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे 'नूतन झेला' तयार झाला. या झेल्याने आंबा देठासकट उतरतो, जमिनीवर आपटत नाही, आणि देठाचा चीक सालीवर ओघळून डागही पडत नाही. कांद्याचे पाहा. काढल्यावर तो पातीच्या सावलीत शेतातच सुकू द्यावा, मान थोडी ठेवून पात कापावी, मग वारा खेळेल अशा चाळीत भरावा. एवढ्याने तो कित्येक महिने टिकतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी विजेवाचून चालणारा शीतकक्ष बनवला. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू, आणि त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. माठातले पाणी गार होते ना, तेच तत्त्व! त्यात सुमारे शंभर किलो भाजी मावते. आणि प्लॅस्टिकचे क्रेट घ्या. करंडीवर करंडी रचली की वरचे ओझे खालच्या फळांवर पडते. क्रेटमध्ये मात्र ते ओझे क्रेटच्या भिंती पेलतात. अर्थात, क्रेट काठोकाठच भरावा, शीग लावू नये. नाहीतर क्रेट असून उपयोग नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारातल्या दानापूरला पहिली किसान रेल निघाली. थेट बिहारपर्यंत! पण गाडी कितीही वेगाने धावली, तरी दुपारच्या उन्हात तोडून, तसाच तापलेला भरलेला माल ती ताजा करू शकत नाही. नासाडीची सुरुवात बांधावरच होते, आणि पहिला उपायही बांधावरच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. भाव कोसळला म्हणून शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो, तेव्हा दोष त्याच्या क्रेटचा नसतो. तो प्रश्न बाजाराचा आहे, आणि त्याचे उत्तरही बाजाराने दिले पाहिजे. नासाडीचे सगळे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडणे हा अन्याय होईल. पण ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या का सोडाव्या? तोडणी पहाटेच्या गारव्यात करा. माल लगेच सावलीत आणा. किडका, फुटका माल तिथेच वेगळा काढा. एक सडके फळ सगळी पेटी बिघडवते.

आणि गुरुजी, तुम्हाला एक विनंती. शाळेत दोन टोपल्यांत सारख्या वजनाची मेथी ठेवा, एक उन्हात, एक ओल्या फडक्याखाली सावलीत. शाळा सुटताना मुलांना त्या तोलायला लावा. उन्हातल्या मेथीचे किती वजन घटले, ते त्यांना फळ्यावर मांडू द्या. तो आकडा मुले घरी नेऊन आईबापांना सांगतील. मग जो चोर आजवर दिसत नव्हता, तो त्या घराला दिसू लागेल.