पियानोपाशी बसलेले मूल

मोगल बादशहा अकबराने १५७५ साली हाजी हबीबुल्ला नावाच्या एका माणसाला द्रव्य आणि कारागीर बरोबर देऊन गोव्याला पाठविले. पोर्तुगीजांच्या त्या नगरीत जे अपूर्व दिसेल ते आणावे आणि तेथील कलाकौशल्ये शिकून यावीत, अशी त्याच्यावर कामगिरी होती. परत येताना त्याने इतर चिजांबरोबर एक ऑर्गनही आणला. इतिहासकार बदायुनी याने त्या वाद्याचे वर्णन करून ठेवले आहे. माणसाच्या उंचीची एक मोठी पेटी, तिच्यात बसलेला एक फिरंगी, बाहेर त्याचे दोन साथीदार, आणि त्या खटाटोपातून निघणारे नाना तऱ्हेचे आवाज! बादशहा प्रसन्न झाला, दरबार थक्क झाला. पुढे १६१६ साली इंग्रज वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारी आला, तेव्हा त्याच्या नजराण्यांतही पट्ट्यांचे एक छोटे तंतुवाद्य होते आणि ते वाजविणारा एक वादकही होता. त्या वाद्याचेही कौतुक थोडा वेळच टिकले.

आज ज्याला आपण पियानो म्हणतो त्याच्या या पूर्वजांनी उत्तर हिंदुस्थानात अशा प्रकारे पाऊल टाकले. परंतु वाद्य येणे वेगळे आणि विद्या येणे वेगळे. दरबारात पेटी आली, तिच्याबरोबर वाजविणाराही आला. शिकविणारा मात्र आला नाही. तिच्या पट्ट्यांवर कोणा मुलाचे बोट धरून ठेवले गेल्याची नोंद नाही. जे वाद्य मुलांच्या हाती पडत नाही ते त्या भूमीत रुजत नाही, मग त्याचे मोल कितीही असो. दिल्ली आणि तिच्या परिसरातील पियानोचा इतिहास हा बव्हंशी या एका वाक्याचा विस्तार आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट घडली ती ऑर्गन जेथून आला त्या गोव्यात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चच्या आश्रयाने गावोगावी पाठशाळा निघू लागल्या. या शाळांत ख्रिस्ती मुलांना लिहिणे, वाचणे आणि धर्मशिक्षण यांच्याबरोबर संगीतही शिकविले जाई. शिकविणारा असे तो चर्चचा गायकप्रमुख. कोकणीत त्याला ‘मेस्त’ म्हणत. त्याच्या अध्यापनाचा क्रम विचार करण्यासारखा आहे. मुलाच्या हाती तो आरंभीच वाद्य देत नसे. प्रथम हाताने ताल धरून स्वरनामे गळ्यातून म्हणावयाची, लिहिलेली स्वरलिपी डोळ्यांनी वाचून तोंडाने गावयाची, आणि हे अंगवळणी पडल्यावर मग व्हायोलिनला किंवा ऑर्गनच्या पट्ट्यांना हात लावावयाचा. कान आधी, कंठ त्याच्या पाठोपाठ आणि बोट सर्वांत शेवटी, असा हा क्रम होता.

या शाळांच्या उभारणीमागे शुद्ध कलाप्रेम होते असे मात्र कोणी समजू नये. चर्चला उपासनेसाठी गायक आणि वादक हवे होते. ज्या सत्तेने मुलांना युरोपीय सुरांची अक्षरे दिली त्याच सत्तेने १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात बसविले आणि १७३६ च्या एका फर्मानाने लग्नप्रसंगीच्या देशी गाण्यांवरही बंदी घातली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने हिरावून घेतलेल्या गोष्टीशी ताडून पाहिले पाहिजे. तरीही घराची ऐपत न पाहता खेड्यातल्या लहान मुलाला संगीताची अक्षरओळख करून देणारी अशी व्यवस्था त्या काळी आपल्याकडे विरळाच होती, हे नाकारता येत नाही.

या व्यवस्थेचे फळ तीनचार शतकांनी मुंबईने चाखले. विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले तेव्हा स्वरलिपी समोर ठेवताच वाजवू शकणारे वादक गोव्याने पुरविले. माजोर्डा गावच्या चर्चमधील गायकप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस बालपणी वडिलांपाशी शिकला, मुंबईस आला आणि पुढे प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांचा गुरू झाला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील नायकाच्या गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभरातील मुलांच्या तोंडी झाले. त्या नावामागचा गावचा मेस्त मात्र कोणाला माहीत नव्हता!

युरोपात पियानो हे मुलांचे वाद्य कसे झाले तेही पाहण्यासारखे आहे. फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने सुमारे १७०० साली तारांवर हातोड्या आदळून मंद वा मोठा आवाज काढणारे हे वाद्य तयार केले. त्याआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर घराघरांतून मुले शिकत होतीच. योहान सेबास्टियन बाख याने १७२० मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी स्वहस्ते एक पाठवही लिहावयास घेतली. लिओपोल्ड मोझार्टने १७५९ मध्ये आपल्या मुलीसाठी अशीच वही केली आणि त्याच वहीवर तिचा धाकटा भाऊ वोल्फगांग शिकला. बेला बार्टोकने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या १५३ लहान रचनांच्या सहा भागांतील प्रारंभीचे भाग आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी योजिले होते. मोठ्या कलावंतांना मुलांसाठी सोपे लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. या परंपरेचे बळ यात आहे.

इंग्रजी अमदानीत पियानो पुन्हा हिंदुस्थानात आला तो साहेबाच्या दिवाणखान्यात. नव्या दिल्लीची राजधानी १९३१ मध्ये विधिपूर्वक खुली झाली. सरकारी बंगल्यांत, क्लबांत आणि मिशनच्या शाळांत पियानो होते; मात्र सामान्य घरातील मुलाला तेथे प्रवेश नव्हता. शिवाय दिल्लीची हवाही या वाद्याला मानवणारी नाही. उन्हाळ्याची कोरडी लू लाकूड आटविते आणि पावसाळ्याचा ओलावा ते फुगवितो. दोनशेहून अधिक तारांचा प्रचंड ताण सोसणाऱ्या या यंत्राला वरचेवर सुरात लावावे लागते. तो खर्च झेपणारी घरे थोडी होती आणि त्यांत मुलांना शिकविण्याची आस्था असलेली त्याहूनही थोडी.

याच काळात दुसऱ्या बाजूने एका महाराष्ट्रीय पुरुषाने विद्येचा दरवाजा उघडला होता. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. घराण्याच्या चार भिंतींत असलेले संगीत त्यांनी पाठशाळेत आणले, स्वरलेखनाची पद्धती बसविली आणि मुलांसाठी ‘संगीत बालबोध’ व ‘संगीत बालप्रकाश’ यांसारखी क्रमिक पुस्तके लिहिली. बाखची पाठवही आणि पलुसकरांची क्रमिक पुस्तके यांच्यात देश, काळ आणि संगीतपद्धती यांचे मोठे अंतर आहे. परंतु मुलाच्या पायरीवर उतरून विद्या देण्याची दृष्टी एकच आहे. पलुसकरांच्या शिष्यशाखेतील विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि राजधानीतील मुलांना सरगमचे दार उघडले.

पियानोची धाकटी बहीण म्हणजे हार्मोनियम. पायपेटी आणि हातपेटी या रूपांनी ती महाराष्ट्रात नाटकाच्या रंगमंचावर, कीर्तनात आणि भजनात घरचीच होऊन बसली. ‘काळी चार’, ‘पांढरी दोन’ ही मराठी गवयाची भाषा तिच्याच पट्ट्यांची आहे. या पेटीवर दिल्लीतच एक खटला उभा राहिला. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमवर टीका करणारा लेख लिहिला आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीने या वाद्याला बंदी केली. ही बंदी पुढे १९७१ मध्ये शिथिल झाली. आक्षेपाचे स्वरूप असे होते : पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, रागातील सूक्ष्म श्रुती त्यांत बसत नाहीत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यांतून निघत नाही. पियानोलाही हाच आक्षेप शब्दशः लागू पडतो.

वाद विद्वानांत पुष्कळ झाला. त्यात मुलाचा विचार फारसा कोणी केला नाही. वास्तविक हा प्रश्न सर्वांत अधिक मुलाचाच आहे. गळ्यातून सूर काढावयाचा तर तो शोधावा लागतो. व्हायोलिनवरही बोट किंचित सरकले की सूर बिघडतो आणि कान टोचणी देतो. पियानोची पट्टी मात्र दाबताच तयार सूर देते. मूल ऐको वा न ऐको, सूर ठरलेला. म्हणून पियानो हे आरंभास सर्वांत सोपे आणि त्याच कारणाने सर्वांत फसवे वाद्य आहे. ज्याने कान तयार करण्याआधी पट्टी हाती घेतली, त्याची बोटे धावू लागतात आणि कान मागे राहतो.

मुलाच्या देहाचाही विचार आहे. पियानोला ८८ पट्ट्या असतात. एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंद असते. पाच वर्षांच्या मुलाचा हात तेथवर पोचत नाही. पाच बोटे पाच पट्ट्यांवर मावली तरी पुरे. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून जाणता शिक्षक पायांखाली पाट देतो. मनगट ताठ झाले की धडा थांबवितो. या वयाचा धडा लांबविण्यापेक्षा तो वारंवार देणे अधिक हिताचे असते.

आश्चर्य असे की, गोव्याच्या मेस्ताने जो क्रम पाळला त्याच्याच जवळपास विसाव्या शतकातील थोर शिक्षक स्वतंत्र मार्गांनी येऊन पोचले. मारिया माँटेसोरीच्या शिक्षणसाहित्यात दिसण्यास सारख्या, पण वेगवेगळ्या सुरांच्या घंटांचे दोन संच असतात आणि मुलाने केवळ कानाने त्यांच्या जोड्या लावावयाच्या असतात. १९३९ ते १९४६ या काळात त्या हिंदुस्थानात होत्या. हंगेरीत झोल्टान कोदाय यांनी लोकगीते गाण्यावर सारे बालसंगीतशिक्षण उभारले. जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी असे दाखविले की मूल मातृभाषा जशी ऐकून शिकते तसेच संगीतही ऐकून शिकते. त्यांची पद्धत व्हायोलिनवरून पुढे पियानोकडे आली. मूल बोलू लागण्यापूर्वी कित्येक महिने ऐकत असते. संगीतात ते महिने वगळून आपण त्याच्याकडून एकदम वाक्ये मागतो.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली दिल्ली म्युझिक सोसायटी स्थापन झाली आणि १९६६ मध्ये तिने चाणक्यपुरीत दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक ही शाळा काढली. पियानो, व्हायोलिन इत्यादींचे रीतसर शिक्षण तेथे मिळू लागले आणि साहेबाच्या दिवाणखान्यातील वाद्य शाळेच्या वर्गात आले. गोव्यातही अंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये पणजीस संगीत अकादमी सुरू करून जुन्या चर्चशाळांचा वारसा नव्या काळात आणला होता. अकबराच्या ऑर्गनला उत्तरेत येऊन चार शतके होत आली तेव्हा दिल्लीच्या मुलांना या सुरांची पाठशाळा लाभली.

आज दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम येथील घरांतून विजेवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य सहज आढळते. त्याला लू बाधत नाही आणि ते सुरात लावावेही लागत नाही. लंडनच्या संस्थांच्या परीक्षा दिल्लीत बसून देता येतात. वाद्य कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. तरीही धोका जुनाच आहे. चार वर्षांच्या मुलाला पाहुण्यांसमोर बसवून एक पाठ केलेली धून वाजवून घ्यावयाची आणि सर्वांनी टाळ्या पिटावयाच्या, हा फत्तेपूर सिक्रीचाच दरबार आहे. पेटी तेवढी लहान झाली आहे.

ज्या मुलाच्या घरी सकाळी भूपाळी आणि रात्री अंगाई कानावर पडते, ज्याला शिक्षक आधी गावयास लावतो आणि मग पट्टीवर तोच सूर शोधावयास सांगतो, त्याच्यापुढे पियानो असो की पेटी, फारसा फरक पडत नाही. त्याला श्रुती कळतील आणि पट्ट्यांच्या मर्यादाही कळतील. वाद्याची किंमत मोजून विद्या विकत मिळत नाही. ती एका जाणत्या माणसाने लहान मुलाशेजारी रोज थोडा वेळ बसूनच द्यावी लागते. गावच्या मेस्ताजवळ यापेक्षा अधिक साधन नव्हते आणि तेवढ्यावर त्याने पिढ्या घडविल्या.