दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा का हवा?

घाटकोपर असो की मुलुंड, एकाच चाळीतली दहावीची दोन मुले वेगवेगळे विज्ञान शिकू शकतात. राज्य मंडळाच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकात मात्र २०२३ मध्ये नुसती 'आनुवंशिकता' उरली.

एनसीईआरटीने कारण दिले कोरोनाकाळातला अभ्यासाचा भार. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असेही सांगितले. पण बारावीला जीवशास्त्र घेतात कितीजण? कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयला जाणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बहुतेक मुलांचे विज्ञान दहावीलाच संपते. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी हा धडा परत घेण्याची मागणी केली.

त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह (हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त) यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला होता. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले. त्या वक्तव्याचा आणि धडा गळण्याचा थेट संबंध आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक आला, हेही विसरता येत नाही. एक धडा बाहेर जातो, दुसरे काही आत येऊ पाहते.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही. कोणी मुखातून जन्मला, कोणी पायातून, या कथेला उत्क्रांतीत जागाच नाही. सगळी माणसे एकाच प्रजातीची. बुद्धांनीही अग्गञ्ञ सुत्तात ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा सरळ अनुभवाने खोडला आहे : ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांसारख्याच बाळंत होतात. मात्र आपले काही उत्साही कार्यकर्ते 'डार्विनच्या आधी बुद्धांनी उत्क्रांती सांगितली' अशा पोस्ट फिरवतात, ते आम्हाला पटत नाही. विज्ञानाच्या तासाला गीता नको, तसे सुत्तही नको. संविधानाचा अनुच्छेद २८ (१) पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतो, आणि ५१क (ज) वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे कर्तव्य ठरवतो. दोन्ही आपल्यालाही लागू आहेत.

राज्यात २०२५-२६ पासून सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहे. तो दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा राज्य मंडळाचा हा धडा राहणार का, हे पालकसभेत आणि बालभारतीला लेखी आत्ताच विचारावे. मसुद्यावर हरकतींची मुदत फार थोडी असते.