दुसरी नजर

११ जून २०२४ च्या रात्री आम्ही पोलादपूर तालुक्यातील कापडे या गावी मुक्कामास होतो. बाहेर पाऊस होता आणि पडवीत चार-पाच तरुण एका मोबाइलभोवती दाटीने बसून दोहा येथील भारत-कतार फुटबॉल सामना पाहत होते. मुले मुळात कबड्डीची. फुटबॉलशी त्यांचा परिचय बेताचाच. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील तो निर्णायक सामना. छांगटे याने ३७ व्या मिनिटास केलेल्या गोलामुळे भारत पुढे होता. ७३ व्या मिनिटास गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अडविलेला चेंडू अंत्यरेषेपलीकडे गेला. कतारच्या एका खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसूफ आयमन याने जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. भारत पुढे १-२ असा हरला आणि पात्रता फेरीतून बाद झाला.

"काका, चेंडू तर बाहेर गेला होता. मग पुन्हा बघत का नाहीत?" एका मुलाने आम्हांस विचारले. त्या रात्री आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी या खेळाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

पंचाच्या नजरेची सर्वांत कठीण परीक्षा पाहिली ती ऑफसाइडच्या नियमाने. १८६३ मध्ये लंडन येथे फुटबॉलचे नियम लेखी झाले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला सहकारी सरसकट बाद समजला जाई. १८६६ मध्ये ही अट सैल झाली. आपल्या व प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेच्या दरम्यान त्यांचे किमान तीन खेळाडू असले म्हणजे पुरे, असे ठरले. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोली येथे गोव्याच्या मुलांना फुटबॉलची गोडी लावली असे मानले जाते. त्या काळी हाच तिघांचा नियम चालू होता. पुढे बचावपटू या नियमाचा सापळा रचू लागले आणि गोल आटले. १९२५ मध्ये तिघांचे दोन झाले. परिणाम तत्काळ दिसला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात ते १७०३ झाले. १९९० पासून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असलेला खेळाडूही निर्दोष ठरू लागला.

नियम सुधारला, परंतु डोळा तोच राहिला. चेंडूला पाय लागला तो क्षण एकीकडे, आणि आघाडीचा खेळाडू उभा आहे ती जागा तीस-चाळीस मीटर दूर. रेषेवरील साहाय्यक पंचाने ही दोन्ही एकाच वेळी पाहावीत, अशी अपेक्षा असते. मनुष्याच्या नजरेला हे पुरतेपणी साधत नाही. म्हणून २०१८ च्या मार्च महिन्यात चित्रफीत पाहून निर्णय पडताळणारा पंच, म्हणजेच 'व्हीएआर', नियमांत दाखल झाला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात त्याचा वापर झाला.

यंत्र आले म्हणजे चूक संपली, असा अनेकांचा समज झाला. परंतु कॅमेरा सेकंदास पन्नास चित्रे टिपत असेल, आणि खेळाडू सेकंदास आठ मीटर वेगाने धावत असेल, तर दोन चित्रांच्या मधल्या अवधीत तो सोळा सेंटिमीटर पुढे सरकतो. पडद्यावरील रेघ केसासारखी बारीक दिसते, पण तिच्या पोटात एवढी अनिश्चितता दडलेली असते. २०२२ च्या कतार विश्वचषकात ही उणीव भरून काढण्यासाठी छताखाली बारा कॅमेरे बसविले गेले आणि चेंडूच्या आत सेकंदास पाचशे नोंदी करणारे यंत्र ठेवण्यात आले.

तरीही सर्वांत बोलकी चूक यंत्राची नव्हतीच. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझ याने गोल केला. रेषेवरील पंचाने ऑफसाइड दिले. पडताळणीच्या खोलीत रेघा ओढल्या गेल्या आणि खेळाडू निर्दोष असल्याचे स्पष्ट दिसले. मात्र मैदानावर गोल दिला गेला आहे, अशी त्या पंचाची समजूत झाली होती. "तपासणी पूर्ण," एवढेच त्याने कळविले. खेळ पुन्हा सुरू झाला. काही क्षणांतच खोलीतील मंडळींच्या ध्यानी चूक आली, खेळ थांबवावा असा आग्रहही तेथे झाला. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय फिरविता येत नाही, असे नियम सांगतो. नजर बरोबर होती, शब्द चुकला. लिव्हरपूलचा संघ १-२ असा हरला. पंचांच्या संस्थेने त्याच दिवशी ही मोठी मानवी चूक असल्याचे मान्य केले आणि पुढे खोलीतील संभाषणही सर्वांना ऐकविले. निकाल मात्र तोच राहिला.

दोहा येथील प्रकार याच्या अगदी उलट होता. तेथे चुकणारी दुसरी नजर नव्हती, कारण पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआरची तरतूदच नव्हती. ज्या देशात दीड वर्षापूर्वी खेळाडूच्या पायाचे बोटही मोजले गेले, त्याच देशात बाहेर गेलेला चेंडू कोणी मोजला नाही. ही सोय आमच्यापासून फार दूर होती असेही नव्हे. २०२२ च्या प्रारंभी महिलांच्या आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून तिचा वापर झाला, आणि ती स्पर्धा नवी मुंबई, अंधेरी व पुणे येथेच भरली होती. कापड्याहून मुंबईस निघालेला माणूस ज्या वाटेने जातो, तिच्यावरच नेरूळचे ते मैदान आहे. यंत्र आपल्या दारी येऊन गेले होते. पण दुसरी नजर कोणत्या सामन्यास द्यावयाची आणि कोणत्या सामन्यास नाही, हे ठरविणारे हात निराळे होते. भारतीय महासंघाने तक्रार केली. निकाल बदलला नाही.

निकाल कधीतरी अंतिम मानावाच लागतो, हे आम्हांस मान्य आहे. रोज नव्याने फिरणारा निर्णय हा न्याय नव्हे. पण अंतिम होण्यापूर्वीचा जो थोडा वेळ असतो, तो चुकीच्या दुरुस्तीसाठीच असतो. कबड्डीतही पुढची चढाई सुरू होण्यापूर्वीच शंका मिटवावी लागते, हे त्या मुलांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. यंत्र नजर लांबवू शकते. क्षणभर थांबून "आमचे चुकले असेल, पुन्हा पाहू" असे म्हणण्याचे काम माणसालाच करावे लागते. दोहामध्ये पाहण्याचे साधन नव्हते. लंडनमध्ये साधन होते, पण थांबण्याचा क्षण निसटला.

पुढच्या खेपेस कापडे येथे गेलो, की त्या मुलास आम्ही एवढेच सांगणार आहोत : बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. तो पंचाने शिट्टी वाजवण्यापूर्वी विचारायला हवा होता, आणि ज्यांना तो विचारता आला असता, ते त्या रात्री गप्प राहिले.