अक्षराची किंमत : खिळ्यापासून पिक्सेलपर्यंत

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. सुबक खिळा घडवण्याचे कष्ट एकदाच पडत. मग पान कितीही वेळा छापा. पडद्यावर हिशेब उलटा. वाचक पान सरकवू लागला की ब्राउझरने ते सेकंदाला साठ वेळा नव्याने दाखवायचे. प्रत्येक वेळेला जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद.

र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ टंक विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला. तेव्हाच्या विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक जोडाक्षरे एकमेकांत मिसळत. जून २०१२ मध्ये अ‍ॅपलचा १५ इंची मॅकबुक प्रो आला : २८८० × १८०० ठिपके, आधीच्या १४४० × ९०० च्या नेमके चौपट, सुमारे ५२ लाख. काना-मात्रा छापल्यासारख्या उमटल्या, पण भरगच्च पाने सरकताना अडखळू लागली. अक्षरे-चित्रे रंगवण्याचा बराच भार मुख्य प्रोसेसरवर होता आणि ठिपके चौपट झाले होते. पुढे ब्राउझरांनी पानाचे तुकडे एकदा रंगवून ठेवायचे आणि जुळवणी ग्राफिक्स चिपकडे सोपवायची, ही रीत पक्की केली. खिळे जुळवणाऱ्याचीच ही युक्ती.

मोहन्यातल्या एखाद्या घरी जुना लॅपटॉप रखडला, तर ‘ठिपके कमी करा’ हा सोपा उपाय. रोमन लिपीला तो परवडतो. आपल्याकडे ‘मद’ आणि ‘मंद’ यांतले अंतर एका ठिपक्याचेच आहे.