पुण्यातल्या म्हात्रे पुलाला ज्यांचं नाव आहे, त्या रवींद्र म्हात्रेंचं बर्मिंगहॅममध्ये अपहरण झालं होतं

कोल्हापूर-सांगलीकडून पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांनी म्हात्रे पूल शेकडो वेळा ओलांडलेला असतो. मुठा नदीवरचा हा पूल एरंडवण्याला नवी पेठ-दत्तवाडीच्या बाजूशी जोडतो. पण हे म्हात्रे कोण, हे फार थोड्यांना माहीत असतं.

नेमकं काय घडलं?

रवींद्र म्हात्रे हे भारताचे राजनैतिक अधिकारी. 1984 मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात होते. 3 फेब्रुवारी 1984 च्या संध्याकाळी ते काम संपवून बसने घरी निघाले. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता आणि हातात तिच्यासाठी घेतलेला केक होता. बसमधून उतरल्यावर घराकडे जाताना त्यांना पळवण्यात आलं.

कोणी आणि कशासाठी?

'काश्मीर लिबरेशन आर्मी' असं नाव सांगणाऱ्या गटाने जबाबदारी घेतली. लंडनच्या रॉयटर्स वृत्तसंस्थेकडे त्यांची चिठ्ठी पोचली. त्यात 10 लाख पौंडांची खंडणी आणि मकबूल भट याच्यासह काही कैद्यांची सुटका मागितली होती. भट हा जम्मू काश्मीर लिबरेशन फ्रंटच्या संस्थापकांपैकी एक. सीआयडी निरीक्षक अमरचंद यांच्या 1966 मधल्या खुनाबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि तो दिल्लीच्या तिहार तुरुंगात होता.

तपास का अपुरा पडला?

डिटेक्टिव्ह गोष्टींत माग काढायला वेळ मिळतो. इथे तो मिळालाच नाही. शोध ब्रिटिश पोलीस घेत होते, तर कैद्यांना सोडायचं की नाही हे दिल्लीत ठरणार होतं. दिलेली मुदत अगदी थोडी होती आणि म्हात्रेंना कुठे ठेवलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांतच लेस्टरशायरमधल्या एका आडरस्त्यावर त्यांचा मृतदेह सापडला. गोळ्या घालून त्यांचा खून झाला होता. ते 48 वर्षांचे होते.

पुढे काय झालं?

इंदिरा गांधींच्या सरकारने कैदी सोडले नाहीत. उलट 11 फेब्रुवारीला, म्हणजे अपहरणानंतर आठच दिवसांनी, भटला तिहारमध्ये फाशी देण्यात आली. शिक्षा जुनीच होती, अंमलबजावणी मात्र या खुनानंतर लगेच झाली. ज्याला सोडवण्यासाठी अपहरण केलं, त्याचाच जीव त्यातून वाचला नाही.

1985 मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. आणखी एक संशयित अमेरिकेत पकडला गेला तो थेट 2004 मध्ये, वीस वर्षांनी. इकडे 1989 मध्ये, भटला फाशी सुनावणारे न्यायाधीश नीळकंठ गंजू यांचा श्रीनगरमध्ये गोळ्या घालून खून झाला.

आज का आठवायचं?

अपहरणकर्त्यांपुढे झुकायचं की नाही, हा प्रश्न भारतापुढे नंतर पुन्हा आला. 1989 मध्ये रुबैया सईद आणि 1999 मध्ये कंदहारच्या वेळी सरकारने कैदी सोडले, बहुतेक ओलीस जिवंत परतले आणि त्या निर्णयांवर टीकाही झाली. 1984 मध्ये सरकार ठाम राहिलं, पण एक माणूस घरी परतला नाही. दोन्ही वाटांची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते. पुलावरच्या त्या नावामागे यातलीच एक किंमत आहे.