क्ष-किरणांच्या मापाची कुळकथा

१८९५ च्या नोव्हेंबरात वुर्झबुर्ग येथे राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्ष उलटण्याच्या आत ते किरण मोठमोठ्या रुग्णालयांत दाखलही झाले. परंतु नळीतून किती किरण बाहेर पडतात व त्यांतील किती रुग्णाच्या देहात मुरतात, याचा हिशेब ठेवण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. नळीतील निर्वाताचा भरवसा नसे, म्हणून चालक आधी स्वतःचाच पंजा किरणांपुढे धरी आणि पडद्यावर हाडांची छाया कितपत स्पष्ट उमटते यावरून नळीचा वकूब ठरवी. या परीक्षेची किंमत पुढे कित्येकांनी बोटांनी आणि प्राणांनी चुकती केली.

रुग्णापुरते माप म्हणजे त्याची त्वचा. कातडी लाल होईल इतके किरण ही एक मात्रा. परंतु खरी लाली उमटण्यास आठवडा-दीड आठवडा लागे, आणि अपराध घडून गेल्यावर येणारी ही साक्ष उपचार करणाऱ्याच्या काय कामाची?

१९०२ साली व्हिएन्नाच्या होल्झक्नेख्ट यांनी किरणांनी रंग बदलणाऱ्या क्षारांचा आधार घेतला. त्यांचेही नाव पुढे क्ष-किरणांना बळी पडलेल्यांच्या यादीत लागले. दोनच वर्षांनी पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात, मुलांच्या डोक्यातील गजकर्णावर इलाज करणाऱ्या साबूरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडची टिकली प्रचारात आणली. राँटजेन यांच्या पडद्याला चमक देणारा क्षार तो हाच. नळी आणि डोके यांच्या बरोबर मध्यावर ही टिकली ठेवीत, म्हणजे डोक्याच्या चौपट किरण तिच्यावर पडत. तिचा हिरवट-पिवळा रंग नमुन्याच्या तपकिरी छटेशी जुळला, की नळी तत्काळ बंद. मात्रा नेमकी बसली तर दोन-तीन आठवड्यांनी रोगट केस गळून पुढे नवे उगवत. अधिक झाली तर टक्कल कायमचे. त्यातही उजेडात टिकलीचा रंग पूर्ववत होऊ लागे, म्हणून ही तुलना मंद दिव्यापाशी, लगबगीने उरकावी लागे.

डोळ्याच्या अदमासावर चाललेला हा कारभार अखेर विद्युन्मापकाच्या हवाली झाला. किरणांनी हवेत निर्माण होणारा विद्युत्भार मोजावा, हे १९०८ साली व्हिलार यांनी सुचविले, आणि १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत त्याच तत्त्वावर 'राँटजेन' हे एकक मुक्रर झाले: शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या व ७६ सेंटिमीटर पारददाबाच्या एक घनसेंटिमीटर हवेत एक स्थिरविद्युत् एकक भार निर्माण करणारे किरण. माप निःसंशय नेमके झाले. मात्र ते हवेचे, रोग्याचे नव्हे. देहात प्रत्यक्ष शोषल्या गेलेल्या ऊर्जेला 'रॅड' मिळण्यास १९५३ साल उजाडावे लागले, आणि १९७५ मध्ये त्याची जागा ग्रेने घेतली.

आजच्या तपासणीत नळीपासून ठराविक अंतरावर आयनीकरण-कक्ष मांडून दर मिलिअँपिअर-सेकंदामागे यंत्र किती ग्रे देते ते नोंदवितात. कित्येक यंत्रांत नळीच्या तोंडाशीच एक पातळ, पारदर्शक कक्ष बसविलेला असतो. तो मात्रा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार सांगतो, आणि अंतर वाढता मात्रा ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात क्षेत्र विस्तारत असल्याने रुग्ण जवळ असो वा दूर, आकडा बदलत नाही. ही युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

आपल्याकडे या कारभारावर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची १९८३ पासून देखरेख आहे. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, आणि पाच वर्षांच्या सरासरीने त्याच्या वाट्याला वर्षाकाठी २० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक येऊ नये असा दंडक आहे. रुग्णाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही. त्याच्यासाठी केवळ संदर्भ-पातळ्या ठरविलेल्या असतात, आणि एखाद्या रुग्णालयाचे आकडे त्यांवर वारंवार जाऊ लागले, तर कारणाचा शोध घेणे ही त्या रुग्णालयाची जबाबदारी ठरते.